भिंतीच्या आतली माणसं

"सांभाळून! तो थॉमस वेदरलींचा वाडगा आहे," रँडॉल्फ दारातूनच ओरडला.

मी वाडगा साबणाच्या पाण्यातून वर काढला, तर त्याच्या तळातून पाण्याची धार सरळ माझ्या चपलेवर पडली.

"यातून सूप प्यायचं म्हणजे थॉमसरावांना फार घाई करावी लागत असणार," मी म्हटलं.

खिडकीशी बसून सँडविच खाणाऱ्या लुएलाबाई खुदकन हसल्या. रँडॉल्फ हसला नाही. तो वेदरली वंशज मंडळाचा अध्यक्ष होता, आणि पूर्वजांच्या बाबतीत त्याला विनोद चालत नसे.

व्हर्जिनियातल्या एका नदीकाठच्या गावात आम्ही तेव्हा राहत होतो. माझा नवरा विद्याधर कागदाच्या गिरणीत इंजिनियर. मला कुरुंदवाडची बारावी आणि रिकामा वेळ, एवढंच भांडवल. गावच्या जुन्या तुरुंगाच्या दोन खोल्यांत एक संग्रहालय होतं, तिथे मी पुस्तकांवरची धूळ झटकायला जाऊ लागले. धूळ झटकता झटकता वाचू लागले. जुन्या काळची ती वळणदार इंग्रजी लिपी गावात कुणाला धड वाचता येत नसे. मी भिंग घेऊन ती स्वतःच गिरवून गिरवून शिकले. काही वर्षांत अशी वेळ आली, की ज्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडहून जहाजाने आले, ते लोक आपले आजे-पणजे शोधायला माझ्याकडे येऊ लागले. वैजयंती त्यांच्या जिभेवर बसत नसे, म्हणून मी 'वेजी' झाले.

लुएलाबाई माझ्या शेजारीण. वय चौऱ्याऐंशी. मला गाडी त्यांनी शिकवली. शिकवताना डोळे मिटून बसत, म्हणून मी लवकर शिकले. लुएला हॉब्ज, माहेरच्या वेदरली. आणि माहेर म्हणजे साधंसुधं नव्हे. थॉमस वेदरलीला इंग्लंडच्या राजाने नदीकाठची हजारो एकर जमीन दिली होती, तिच्यात तंबाखू पिकवून तो गब्बर झाला. गावातला निम्मा रस्ता, एक पूल आणि एक बँक त्याच्या नावाची.

लुएलाबाईंना मात्र त्याची जमीन नको होती, फक्त सहा फूट हवी होती.

टेकडीवर वेदरलींचं स्वतःचं दफनस्थान आहे. विटांची उंच भिंत, लोखंडी फाटक, आत देवदाराची झाडं, जमिनीवर पसरलेली निळ्या फुलांची वेल आणि मधोमध थॉमसच्या नावाचा संगमरवरी खांब. तिथे लुएलाबाईंचा एकुलता एक मुलगा डॅनी पुरलेला होता. सतराव्या वर्षी मोटारसायकलवरून गेला, त्याला तेव्हा चाळीस वर्षं होऊन गेली होती. त्याच्या शेजारची जागा त्यांनी मनात कधीचीच धरून ठेवलेली. पण आत जागा थोडी उरली, तसा मंडळाने नियम केला: थॉमसचे रक्ताचे वंशज असल्याचं सिद्ध करा, मगच आत या. लुएलाबाईंची साखळी अ‍ॅन्सेल नावाच्या पणजोबांपाशी तुटत होती. अ‍ॅन्सेलचा बाप कोण, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दोन वर्षं मी त्या माणसाच्या मागे होते. इतकी वर्षं मी विद्याधरच्या मागेसुद्धा लागले नव्हते.

आणि त्या गुरुवारी अ‍ॅन्सेल सापडला होता. शेजारच्या परगण्यातल्या चर्चमध्ये त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद होती, बापाच्या नावासकट. लुएलाबाई थॉमसच्या थेट वंशातल्या निघाल्या.

रँडॉल्फने कागद दोनदा वाचला. "उत्तम. शनिवारी मेळाव्यात सह्या होतील. लुएला, जागा तुझी."

हातातलं सँडविच लुएलाबाईंनी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं. पुढे काही खाण्याची गरज उरली नाही, असा काहीतरी तो भाव होता.

शनिवारच्या मेळाव्यासाठीच मी काचेच्या कपाटातली भांडी धूत होते. 'वेदरली घराण्याची भांडी', असं कपाटावर लिहिलेलं. एरवी कपाटाला कुलूप असे. मी दुसरा वाडगा उचलला, त्यालाही तळाला भोक. मग एक कप, एक बशी, एक निळी नक्षी काढलेला जग.

"रँडॉल्फ, या सगळ्यांनाच भोकं आहेत."

"भिंत बांधायला खणलं तेव्हा सापडली ती. मजुरांच्या कुदळी लागल्या असणार. तेव्हाचे मजूर म्हणजे…" त्याने हात उडवला.

तो लुएलाबाईंना घरी सोडायला घेऊन गेला. मी जग पालथा घातला आणि भोकावरून बोट फिरवलं.

माझ्या वडिलांना मुलगा नव्हता. कृष्णेच्या घाटावर मडकं माझ्या खांद्यावर होतं. भाऊबंद नाकं मुरडत होते, पण दुसरं होतं कोण? पाणी भरलेलं मडकं घेऊन मी चितेभोवती फिरले, आणि दर फेरीला मागून भटजींनी दगडाने त्या मडक्याला एक टोचा मारला. पाण्याची धार माझ्या पाठीवरून वाहत होती. तेव्हा मला नवल वाटलं होतं ते एवढंच, की मडकं फुटलं कसं नाही. माणसाने ठरवून, बेताने टोचा मारला, की भोक पडतं. कुदळ लागली तर खापऱ्या होतात.

ही भांडी कुणीतरी ठरवून भोकं पाडून ठेवलेली होती. एकूणएक.

मी हात पुसले. भोकं का पाडली असतील, ते मला अजून कळलं नव्हतं.

दर गुरुवारी दुपारी व्हर्नेल गेन्स येत. निवृत्त गणित शिक्षिका, साठीच्या पुढच्या, ताठ कण्याच्या, काळ्या. त्यांचे पूर्वज वेदरलींच्या जमिनीवर गुलाम होते. सहा वर्षं त्या एकच गोष्ट शोधत होत्या. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या होत्या, "नावं मिळतात हो. कोण केवढ्याला विकला, तेही मिळतं. कुठे पुरला, तेवढं कुणी लिहून ठेवलं नाही."

त्या आल्या, नेहमीच्या टेबलाशी बसल्या, चष्मा काढून पुसू लागल्या.

"व्हर्नेल," मी म्हटलं, "हे जरा बघता का?"

मी जग त्यांच्यासमोर पालथा ठेवला. त्यांनी चष्मा चढवला. मग एक बोट हळूच त्या भोकात घातलं आणि तसंच राहू दिलं.

"माझे आजोबा गेले तेव्हा मी आठ वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "आजी पायरीवर बसली, मांडीत त्यांचा कॉफीचा मग धरला आणि खिळा-हातोडीने असंच भोक पाडलं. मी म्हटलं, आजी, चांगला होता ना तो मग! ती म्हणाली, चांगला होता म्हणूनच."

"कशासाठी?"

"शेवटचं ज्यातून प्यायला, ते त्याच्या थडग्यावर ठेवायचं. पण फोडून. म्हणजे तो घरातल्या दुसऱ्या कुणाला मागून बोलावत नाही. आमच्यात सगळे करत. गोऱ्यांमध्ये नाही करत हे." त्यांनी वर पाहिलं. "हा कुठला?"

मी कपाटाकडे बोट केलं. त्या उठून कपाटापाशी गेल्या. रिकाम्या फळीखाली पितळी पट्टी होती. ती त्यांनी मोठ्याने वाचली, शाळेत वाचतात तशी, शब्द सुटे सुटे करून: "वेदरली घराण्याच्या दफनस्थानातून. भिंत बांधताना. एकोणीसशे सव्वीस."

मग ओल्या फडक्यावर सुकत ठेवलेली बाकीची भांडी त्यांनी पाहिली. एक उचलून पालथं केलं, मग दुसरं. तिसऱ्याला हात लावला नाही.

"घराणं नव्हतंच तिथे," त्या म्हणाल्या. "जुने दगड दिसले, झाडं दिसली आणि यांना वाटलं, एवढी सुंदर जागा म्हणजे आपल्याच आजोबांची असणार. आमच्यावर भिंत बांधली यांनी. आणि वर त्याचा खांब रोवला."

त्या खुर्चीवर बसल्या. खरं तर खुर्चीच त्यांच्याखाली आली म्हणायची.

"सहा वर्षं," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं मी दर गुरुवारी या कपाटाकडे पाठ करून बसतेय."

मी पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही. मी एकीकडे विचार करत होते, की आजच, दोन तासांपूर्वी, मी एका म्हातारीला तिच्या मुलाशेजारची जागा मिळवून दिली आहे.

"चला," व्हर्नेल उठल्या.

"रँडॉल्फकडे?"

"त्याच्याकडे जाऊ सावकाश. आधी जिला तिथे जायचंय, तिच्याकडे."

त्यांना कसं कळलं, हे विचारायची गरज नव्हती. आमच्या गावात कोण कुठे पुरलं जाणार, हे सगळ्यांना ठाऊक असे.

लुएलाबाई व्हरांड्यात बसून शेंगा मोडत होत्या. व्हर्नेलना माझ्याबरोबर पाहून त्यांनी भुवया उंचावल्या, पण खुर्ची पुढे केली. "व्हर्नेल, ये. चहा घेशील? बर्फ घातलेला आहे."

मी सांगितलं. वाईट सांगितलं, आधी मडकं सांगितलं, मग माझे वडील, मग कपाट. एवढी वर्षं लोकांना त्यांचे पूर्वज सांगत होते, पण काढून कधी घेतले नव्हते.

"मूर्खपणा आहे हा," लुएलाबाई म्हणाल्या. "ती भिंत माझ्या वडिलांनी उभं राहून बांधून घेतली. त्यांना आपली माणसं कळत नव्हती?"

"त्यांनी कुणाला विचारलं होतं का, मिस लुएला?" व्हर्नेलनी विचारलं. आवाज अगदी साधा होता. "तेव्हा माझी आजी तुमच्या घरी स्वयंपाकाला होती. तिला विचारलं असतं, तर तिने सांगितलं असतं."

लुएलाबाईंनी एक शेंग मोडली. दुसरी उचलली, ती हातातच राहिली. त्यांचा चेहरा असा उतरत गेला, की मला वाटलं, त्यांना झटका आला. मी उठलेच.

"बस," त्या म्हणाल्या. "बस, वेजी. डॅनीचा खड्डा खणला तेव्हा मी तिथे होते. बायका नसतात, पण मी होते. खणताना हाडं लागली."

मी बसले, आणि त्या पुढे सांगू लागल्या.

"लांबच्या नात्यातला हॉरेसकाका होता, रँडॉल्फचा बाप. तो म्हणाला, आपलेच कुणीतरी खापरपणजोबा आहेत, पोराला जागा देतील. आणि ती सगळी हाडं सफरचंदाच्या खोक्यात भरली. मी…" त्यांनी व्हर्नेलकडे पाहिलं आणि मग पाहता येईना म्हणून माझ्याकडे पाहिलं. "मी त्यांना थँक यू म्हटलं, वेजी. त्या खोक्याला. वाकून म्हटलं. मला वाटलं, किती मोठ्या मनाचे आमचे आजोबा."

व्हर्नेलचा हात खुर्चीच्या दांड्यावर आवळला गेला होता.

"खोकं कुठे गेलं?"

"मला माहीत नाही. मी विचारलं नाही. माझा मुलगा गेला होता."

"हो," व्हर्नेल म्हणाल्या. मग पुन्हा म्हणाल्या, "हो."

लुएलाबाईंनी मांडीवरचं शेंगांचं भांडं खाली ठेवलं, आत गेल्या आणि लांब वायरीचा फोन बाहेर आणून त्यांनी रँडॉल्फला सगळं सांगितलं. रँडॉल्फचा आवाज आम्हा दोघींनाही ऐकू येत होता.

"लुएला, भांडी कपाटात परत ठेवायला सांग तिला. तुझे कागद पक्के आहेत, तुझी जागा पक्की आहे, आता आणखी काय हवंय? वेजी चांगली आहे, पण ती इथली नाही. तिला आपल्यातलं काय कळणार?"

"रँडॉल्फ," लुएलाबाई म्हणाल्या, "थॉमस कुठे आहे?"

"म्हणजे? खांबाखाली."

"कुणी पाहिलाय?"

लुएलाबाईंनी फोन ठेवून दिला.

"नदीने नेला असेल," व्हर्नेल म्हणाल्या. "काठ खचतोच आहे शंभर वर्षं. नाहीतर कुणाच्या तरी मक्याखाली असेल. शोधा आता. आम्हीही शोधतच होतो."

मला हसू आलं, आणि त्याच क्षणी रडूही. लुएलाबाईंना दोन्ही आलं नाही. त्या पाठ ताठ करून बसल्या होत्या.

"मी डॅनीला तिथून काढते," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या जागेत आहे तो. हमरस्त्याकडच्या नव्या दफनभूमीत नेते."

"नाही," व्हर्नेल इतक्या जोरात म्हणाल्या, की खाली निजलेला कुत्रा उठला. "त्या जमिनीतून आता कुणालाही काढायचं नाही. काढाकाढ पुष्कळ झाली. पोरगा आहे तिथेच राहील."

"आणि मी?"

"तिथे आता खणायचंही नाही, मिस लुएला. कुदळ जिथे पडेल तिथे कुणीतरी आहे."

हे ऐकून लुएलाबाईंनी मान हलवली, अगदी शहाण्या मुलीसारखी. त्यांनी वाद घातला असता, तर मला बरं वाटलं असतं. ज्या जागेसाठी मी दोन वर्षं एका मेलेल्या माणसाचा बाप शोधला, ती जागा त्यांनी एका मान हलवण्यात सोडली.

"वेजी, तुमच्यात जाळतात ना?" लुएलाबाईंनी विचारलं.

"हो."

वडिलांचं मी पूर्वी एकदा सांगितलं होतं, तेव्हा त्यांनी तोंडावर रुमाल धरला होता. देवाने दिलेलं शरीर, म्हणाल्या होत्या, कचऱ्यासारखं?

"मग जे उरतं त्याला जागा किती लागते?"

मी दोन्ही हात जुळवून ओंजळ केली आणि त्यांच्यापुढे धरली. "याच्यापेक्षा थोडी जास्त. पण फार नाही."

त्यांनी ओंजळीत वाकून पाहिलं. "मी? एवढ्यात?" स्वतःच्या पोटावरून त्यांनी हात फिरवला. "चौऱ्याऐंशी वर्षांचं लोणी आहे हे."

व्हर्नेलनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलले. हसत होत्या की काय, मला दिसलं नाही.

"खणावं लागतं का त्याला?" त्यांनी तिकडेच बघत विचारलं.

"नाही. डॅनीच्या दगडापाशी मातीवर ठेवायचं. पाऊस काय ते करतो."

लुएलाबाई उभ्या राहिल्या. बसून विचारायचं हे नव्हे, असं त्यांना वाटलं असावं.

"चालेल का, मिसेस गेन्स?"

जन्मापासून त्या दोघी एका गावात राहत होत्या, एक नुसती 'व्हर्नेल' आणि दुसरी 'मिस लुएला'. मी लुएलाबाईंच्या तोंडून 'मिसेस गेन्स' त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. व्हर्नेलनीही ऐकलं.

"हो किंवा नाही म्हणणारी मी एकटी कोण? तिथे आमच्या पुष्कळ जणांची माणसं आहेत. रविवारी चर्चमध्ये या. सगळ्यांसमोर विचारा."

"तुमच्या चर्चमध्ये?"

"आमच्याच. तुमच्या घरापासून चालत जायच्या अंतरावर आहे ते. कधी आला नाहीत, म्हणून सांगते."

लुएलाबाईंनी पदर नसताना पदर सावरावा तसा झग्याचा गळा सारखा केला. "हॅट घालतात?"

"हॅट तर घालावीच लागते," व्हर्नेल म्हणाल्या.

पुढचं आधीच सांगून टाकते. लुएलाबाई आज तिथेच आहेत, डॅनीच्या दगडापाशी. भिंत पाडायला मात्र काही वर्षं आणि दोन वकील लागले. संगमरवरी खांब रँडॉल्फने स्वतःच्या अंगणात नेऊन उभा केला. तिथे त्याच्याखाली कुणीच नाही याची निदान खात्री आहे. भांडी जिथली होती तिथे परत गेली. ते सफरचंदाचं खोकं कधीच सापडलं नाही, आणि अजूनही कधी कधी मी भाजी निवडत असताना ते माझ्या डोळ्यांपुढे येतं.

पण मला आठवतो तो रविवार. लुएलाबाईंनी गडद निळी हॅट घातली होती. पायऱ्या चढताना त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला, की दुसऱ्या दिवशी वळ उठले. आत सगळे वळून बघत होते. गाणी झाली, प्रवचन झालं. मग व्हर्नेलनी पुढच्या बाकावरून नुसती मान हलवली, आणि लुएलाबाई उठल्या.

"मी लुएला हॉब्ज," त्या म्हणाल्या. "मी वेदरली आहे. माझा मुलगा तुमच्या माणसांमध्ये निजलाय. कुणाला तरी उठवून आम्ही त्याला तिथे निजवलं. मला त्याच्याजवळ यायचंय. मी विचारायला आले आहे."

आवाज फुटतच नव्हता. शेजारी बसून मलाच जेमतेम ऐकू आलं. पंख्याने वारा घेणाऱ्या बायकांचे हात थांबले. मग अगदी मागच्या बाकावरचा एक म्हातारा काठी टेकत उभा राहिला.

"मोठ्याने बोला, बाई," तो म्हणाला. "इथे मागे काहीच ऐकू आलं नाही."

लुएलाबाईंनी माझा हात सोडला, मागे वळून त्याच्याकडे तोंड केलं, आणि पुन्हा पहिल्यापासून, मोठ्याने विचारलं.